ज्ञान जनतेचे, कुलूप प्रकाशकांचे!

२०२५ या एकाच वर्षात आपल्या देशातील ज्ञानव्यवहारात दोन मोठ्या घडामोडी झाल्या. १ जानेवारीपासून केंद्र सरकारची ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली. आणि ऑगस्ट महिन्यात ‘साय-हब’ हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. जगभरातील शोधनिबंध या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळत. पहिल्या घटनेत सरकारने प्रकाशकांना द्यायच्या पैशाची सोय केली; दुसरीत प्रकाशकांना न्यायालयाचे संरक्षण मिळाले. दोन्ही बातम्या येऊन गेल्या. चळवळीच्या व्यासपीठांवर मात्र त्यांची चर्चा फारशी झाली नाही. हा विषय प्राध्यापकांचा आहे, आपला काय संबंध, असे म्हणून आपण तो बाजूला सारला.

संबंध आहे, आणि तो थेट आहे. आज जातीवर, आरक्षणावर, स्थलांतरावर, सफाई कामगारांच्या मृत्यूंवर, धर्मांतरित बौद्धांच्या स्थितीवर जगभर संशोधन होते. संशोधक आपल्या वस्त्यांत येतात. आपली माणसे त्यांना वेळ देतात, माहिती देतात, घरात जेवू घालतात. पुढे त्यावर शोधनिबंध लिहिला जातो आणि परदेशी नियतकालिकात छापला जातो. मग ज्या वस्तीने ती माहिती दिली, त्या वस्तीतील शिकलेल्या पोराला तो निबंध वाचायचा असेल तर तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. म्हणजे एका निबंधाला अडीच हजारांहून अधिक रुपये! आमच्याविषयी लिहिलेले आम्हालाच वाचता येत नाही, ही कोणती व्यवस्था?

फुकट माल, सोन्याचा भाव

हा धंदा कसा चालतो ते आधी समजून घेतले पाहिजे. संशोधकाला पगार किंवा शिष्यवृत्ती बहुतांशी सरकार देते, म्हणजे तुम्ही-आम्ही भरलेल्या करातून तो पैसा येतो. प्रयोगशाळा सरकारची, ग्रंथालय सरकारचे. निबंध लिहून झाला की तो नियतकालिकाकडे जातो. तेथे त्याची तपासणी इतर विद्वान करतात आणि त्याबद्दल त्यांना सहसा एक पैसाही मिळत नाही. लेखकालाही मानधन नाही. उलट त्याच्याकडून एका करारावर सही घेतली जाते आणि निबंधाचा स्वामित्व हक्क म्हणजे कॉपीराइट प्रकाशकाच्या नावे होतो. मग तोच निबंध प्रकाशक त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. कच्चा माल फुकट, कारागिरी फुकट, आणि गिऱ्हाईक बांधलेले! एल्सव्हिअर ही या धंद्यातील सर्वांत मोठी कंपनी. ती ज्या रेलेक्स समूहाची आहे, त्याच्या या विभागाला शंभर रुपयांच्या उलाढालीत पस्तीस रुपयांहून अधिक नफा सुटतो. इतका नफा किती उद्योगांत आहे?

विद्वानांनी याला पर्याय शोधले नाहीत असे नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच ‘अर्काइव्ह’ नावाचे भांडार अमेरिकेत सुरू केले. नियतकालिकात छापून येण्याआधीच निबंध तेथे ठेवायचा आणि कोणीही तो फुकट वाचायचा. ब्राझीलमध्ये १९९८ मध्ये सार्वजनिक पैशातून ‘सायेलो’ उभे राहिले; लॅटिन अमेरिकेतील शेकडो नियतकालिके त्यावर खुली आहेत. खुद्द अमेरिकन सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या सर्व खात्यांना सांगितले की, सरकारी पैशातून झालेले संशोधन २०२५ अखेरपर्यंत जनतेला विनाविलंब आणि विनामूल्य खुले करण्याची व्यवस्था करा. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडते, आणि आपण मात्र वर्गणी भरण्यात धन्यता मानतो.

‘सर्व नागरिकां’चे काय झाले?

आता सरकारी योजनेकडे वळू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. पूर्वी जी नियतकालिके आयआयटी आणि मोजक्या केंद्रीय विद्यापीठांतच दिसत, ती आता जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दिसू शकतात. हा लाभ खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या योजनेचे जन्मटिपण काढून पाहिले पाहिजे. २०२० अखेर केंद्र सरकारने विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ची कल्पना मांडताना स्पष्ट म्हटले होते की, सरकार प्रकाशकांशी एकच करार करील आणि त्या बदल्यात भारतातील सर्व व्यक्तींना निबंध वाचता येतील. सर्व व्यक्तींना! चार वर्षांनी योजना मंजूर झाली तेव्हा ‘सर्व व्यक्ती’ गळून पडल्या होत्या. उरल्या त्या केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था.

मग बाहेर कोण राहिले? पीएच.डी. पूर्ण करून नोकरीच्या शोधात हिंडणारा नेट-सेट उत्तीर्ण बेरोजगार बाहेर राहिला. तासिका तत्त्वावर राबणारा आणि दर वर्षी नव्या संस्थेच्या दारात उभा राहणारा प्राध्यापक अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला. तालुक्याच्या कोर्टात अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे खटले लढवणारा वकील, पत्रकार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, मुक्तपणे लिहिणारा लेखक हे सगळे बाहेर राहिले. आंबेडकरी चळवळीचा वैचारिक गाडा आजवर कोणी ओढला? विद्यापीठातल्या पगारदारांनी थोडा, आणि या बाहेरच्या माणसांनी फार मोठा. पैसा सर्वांच्या करातून आणि वाचायला मात्र ओळखपत्र असलेल्यांनाच, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आणखी एक धोका आहे. वर्गणी म्हणजे मालकी नव्हे. २०२७ नंतर प्रकाशकांनी भाव वाढवून मागितला तर सरकार काय करणार? ज्याच्या हातात कुलूप, त्याच्याच हातात भाव.

साय-हब आणि कायदा

साय-हब २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान या तरुण संशोधिकेने सुरू केले. प्रकाशकांच्या कुलपाआडचे लाखो निबंध तिने जगाला फुकट खुले केले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. दावा चालू असेपर्यंत नवे निबंध टाकणार नाही, असे तिच्या वतीने न्यायालयाला सांगण्यात आले होते. ती हमी मोडली गेल्याचा ठपका ठेवून ऑगस्ट २०२५ मध्ये संकेतस्थळ रोखण्याचा आदेश झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाव्याच्या मूळ प्रश्नाचा निकाल लावून दिलेला हा आदेश नव्हे. संशोधनासाठी प्रत घेणे हा भारतीय कायद्यात गुन्हा आहे काय, हा मूळ प्रश्न त्या आदेशाने सोडवलेला नाही.

मी वकील आहे. न्यायालयाचा आदेश मोडा असे मी कोणाला सांगणार नाही. पण कायदा पाळणाऱ्यानेही प्रश्न विचारलाच पाहिजे की, लोक त्या दाराशी का गेले? ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने २०१६ मध्ये साय-हबच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ८० लाख निबंध उतरवून घेतले गेल्याचे दिसले, आणि त्यात भारत अग्रभागी होता. हे सगळे चोर होते काय? विहिरीला कुलूप घातल्यावर लोक रात्री भिंतीवरून उडी मारतात. दोष तहानेचा आहे की कुलपाचा?

झेरॉक्सचा निकाल आपला आहे

प्रकाशकांच्या दाव्यात प्रत्येक वेळी प्रकाशकच जिंकतो, असा समज असेल तर तो काढून टाकावा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे साधे दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून तेथे अभ्याससंच मिळत. एकेक पुस्तक हजारो रुपयांचे; विद्यार्थ्याला त्यातले वीस पानांचे एक प्रकरण हवे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. सुरुवातीला मनाई हुकूमही मिळवला. विद्यार्थ्यांनी घाबरून न जाता संघटना केली आणि स्वतःहून दाव्यात सामील झाले. ज्यांच्या पुस्तकांची पाने त्या संचांत होती, त्यांतील अनेक लेखकांनीच प्रकाशकांचा निषेध केला. अमर्त्य सेन यांनीही दाव्याला हरकत घेतली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. स्वामित्व हक्क हा ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, तो कायद्याने दिलेला आणि कायद्यानेच मर्यादित केलेला हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने मूळ तत्त्व कायम ठेवले. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (आय) नुसार शिक्षक किंवा विद्यार्थी शिक्षणाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढू शकतो. किती पाने काढली हा निकष नाही. शिकवण्यासाठी तेवढी आवश्यक होती काय, हा निकष. शिक्षण म्हणजे केवळ वर्गातला तास असा संकुचित अर्थही न्यायालयाने घेतला नाही. एवढ्या एका मुद्द्यावर पुरावा तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले गेले, तर मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले आव्हानही मे २०१७ मध्ये फेटाळले गेले.

याचा अर्थ अख्खी पुस्तके छापून बाजारात विकावीत असा नाही. पण शिकवण्या-शिकण्यासाठी प्रत काढणारा विद्यार्थी गुन्हेगार नाही, हे आता स्पष्ट आहे. असे असताना किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ‘झेरॉक्सला सक्त मनाई’ अशा पाट्या अजून लटकत आहेत? किती ग्रंथपालांना हा निकाल माहीत आहे? हक्क कागदावर मिळणे आणि तो प्रत्यक्ष वापरणे यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. चवदार तळे १९२३ च्या बोले ठरावाने आणि १९२४ च्या महाड नगरपालिकेच्या ठरावाने कागदोपत्री खुले झालेच होते. पाणी पिण्यासाठी १९२७ उजाडावे लागले, आणि हे तळे आमच्या खासगी मालकीचे आहे, हा स्पृश्यांचा दावा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात कायमचा कोसळेपर्यंत दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले. सार्वजनिक गोष्टीवर खासगी मालकी सांगणाऱ्यांची युक्तिवादाची रीत जुनीच आहे.

सही करण्यापूर्वी

आपल्या समाजातून आज शेकडो मुले-मुली पीएच.डी. करीत आहेत. त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. एक संशोधक माझ्याकडे प्रकाशकाचा करार घेऊन आला. सही आधीच झाली होती. आपल्याच जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांवर लिहिलेला निबंध त्याने संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी लिहून दिला होता. गावच्या वाचनालयात त्याच्या प्रती ठेवता येतील का, असे विचारायला तो आला होता. संपूर्ण मुदत म्हणजे किती? भारतीय कायद्यात लेखकाचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे! हा तरुण तीस वर्षांचा. तो ऐंशी वर्षे जगला तर ते कुलूप एकशे दहा वर्षांनी उघडणार.

कॉपीराइट कायद्याचे कलम १९ प्रत्येक संशोधकाने एकदा वाचावे. लेखी आणि सही केलेल्या कागदाशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही. कोणता हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी दिला हे कागदात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. परदेशी प्रकाशकाच्या करारात त्यांच्याच देशाचा कायदा लागू असल्याचे कलम सहसा असते, तेही पाहावे. बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला आपल्या निबंधाचे न छापलेले, पण स्वीकारलेले हस्तलिखित स्वतःच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर काही अटींवर ठेवू देतात. ही सवलत करारातच लिहिलेली असते. वाचत कोणी नाही म्हणून वापरत कोणी नाही. आणि ज्याला निबंध हवा त्याने लेखकाला सरळ पत्र लिहावे. बहुतेक विद्वान आनंदाने प्रत पाठवतात.

दुसऱ्या टोकाला बोगस नियतकालिकांचा बाजार आहे. २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकनाशी जोडल्या गेल्या. निबंध छापा आणि गुण मिळवा! लगेच पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापून देणारी दुकाने गावोगाव उघडली. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. पुढे ‘केअर’ नावाची यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. या धरसोडीत लुबाडला गेला तो पहिल्या पिढीचा शिकलेला, ज्याला घरात कोणी मार्ग दाखवणारे नव्हते. पैसे भरून छापण्याची रीत केवळ बोगसांची नाही. ‘नेचर’ने नोव्हेंबर २०२० मध्ये निबंध सर्वांना खुला ठेवण्यासाठी लेखकाकडून ९,५०० युरो घेण्याचे जाहीर केले. वाचणाऱ्याचे कुलूप काढून ते लिहिणाऱ्याच्या तोंडाला लावायचे, याला खुलेपणा म्हणत नाहीत.

बाबासाहेबांची वाट

बाबासाहेब स्वतः या विद्वत्‌जगाचे नागरिक होते. कोलंबियात वाचलेला त्यांचा जातिसंस्थेवरील निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला, शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंध १९१८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. त्यांचे ग्रंथ लंडनच्या प्रकाशकाने काढले. पण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला नकार दिला, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी ते स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि अनेक भारतीय भाषांत भाषांतरे सुरू झाली. विद्वानांसाठी लिहिलेले विद्वानांपुरते ठेवायचे नाही, ही ती शिस्त होती. त्याच शिस्तीने दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपला माणूस प्रवासखर्चातून पैसे वाचवून पुस्तके विकत घेतो.

महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणांचे खंड स्वस्तात काढले. आज ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक ज्ञान कसे द्यावे याचा हा नमुना. मात्र त्यालाही पहारा लागतो. खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. २०२७ नंतरच्या करारात मसुद्यातील ‘सर्व व्यक्ती’ पुन्हा आल्या पाहिजेत. निदान प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात कोणत्याही नागरिकाला बसून निबंध वाचता आले पाहिजेत. बार्टीसह ज्या संस्था सरकारी पैशातून शिष्यवृत्ती देतात, त्यांनी त्या पैशातून झालेले लेखन खुले ठेवण्याची अट घालावी आणि त्याचा मराठी सारांश प्रसिद्ध करावा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच असे खुलेपणाचे धोरण स्वीकारले आहे. समाजशास्त्रांनी मागे का राहावे? प्रत्येक प्रबंध ‘शोधगंगा’वर वेळेत चढतो की नाही, हे विद्यार्थी संघटनांनी तपासावे.

आणि जे आजच करता येईल ते आजच करावे. आपले महाविद्यालय वर्गणी योजनेच्या यादीत आहे काय, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रंथालयात झेरॉक्सबंदीची पाटी असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तिच्याशेजारी लावा. न्यायालयाच्या निकालाची प्रत काढायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. तसे कलम ५२ मध्येच लिहिले आहे.